कणगीतली आगबोट

अण्णा, तुम्ही आयुष्यात एकदाही आगबोटीत चढला नाहीत. पाताळगंगेला पाणी आलं की साध्या नावेतसुद्धा पाऊल टाकायचा नाहीत, आणि विलायतेला निघालेल्या आगबोटीवर सबंध कादंबरी लिहायला बसलात, तीही विनोदी आणि वर प्रेमाची! कर्जतच्या स्टेशनात भेटलेल्या एका खलाशाला चिवडा चारून तुम्ही माहिती काढली होती. बोटीत अंघोळ कुठे करतात, खिडक्या उघडतात का, लाट आली की ताटातली आमटी कुठे जाते. त्या आमटीवर तुम्ही एक प्रकरणच लिहिलंत. बॅरिस्टर व्हायला निघालेला तुमचा नायक खोलीत चोरून आमटी शिजवतो, बोट कलते, आणि तो पिवळाजर्द होऊन नायिकेच्या वडिलांपुढे उभा राहतो. पुढे नायिकेचा पोपट त्याच्या फेट्यात सापडतो तो भाग मला अजून पाठ आहे.

हे सगळं भीतभीत चाललं होतं. खालापूरच्या सरकारी शाळेचा मास्तर प्रेमाच्या गोष्टी लिहितो, त्याही समुद्र ओलांडणाऱ्या माणसांच्या, हे शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांच्या कानावर गेलं असतं तर नोकरी गेलीच असती. म्हणून वही भाताच्या कणगीत असे. शाळा सुटली की तुम्ही ती भातातून उपसून काढायचा आणि मी टोपणनावानं छापायला सुवाच्य नक्कल करायची. मी तेरा वर्षांची, अजून बिनलग्नाची, म्हणून तसंही आपलं घर गावाच्या तोंडी होतं. हिला पुण्याला पाठवून मास्तरीण करायची, असं तुम्ही आईला सांगत होता. आई म्हणे, "हळू बोला." आपल्या घरात सगळंच हळू बोलायचं.

एके दिवशी मी एक पान शाई वाळायला अंगणात ठेवते, त्यावर खडा ठेवते, आणि आई हाक मारते म्हणून आत जाते. परत येते तर खडा आहे, पान नाही. मी कुंपण धुंडाळलं, विहिरीत वाकून पाहिलं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. दिवे लागायच्या आधी तलाठी ओसरीवर आले. मागे शेजारची काकू आणि आणखी चारजण होते. तलाठ्यांच्या हातात ते पान.

"मास्तर, हे अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

तुम्ही काही बोलायच्या आत काकूच बोलली, "मला कुठं वाचता येतं, मास्तर? वाऱ्यानं कागद खळ्यात आला, म्हनून तलाठ्यांना दाखवला. पन अक्षर पोरीचंच हाय. आमच्या ह्यांना मुंबईला कागद तीच लिवते ना." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तलाठी म्हणाले, "मुलीनं कुणा पुरुषाला लिहिलेलं पत्र आहे हे. गावात राहायचंय ना तुम्हाला?" मी दाराआड उभी होते. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

तुम्ही आत आलात, कणगीत कोपरापर्यंत हात घातलात आणि वही घेऊन बाहेर गेलात. "पत्र नाही, कादंबरी आहे. मी लिहिलीय," असं म्हणालात आणि उभ्यानंच वाचायला लागलात. आमटीपाशी काकू हसली. पोपटापाशी तलाठीही हसले. मग तुम्ही म्हणालात, "आता इथे नायिका त्याला पत्र लिहिते. ते पान द्या."

अण्णा, तुमच्या मूळ पत्रात फक्त पोपट परत मागितला होता. नक्कल करताना मी तो काढून माझ्या मनातलं लिहिलं होतं. तुम्ही वाचलंत, "तुम्ही हसता तेव्हा मला भीती वाटत नाही. बाकी सगळा वेळ वाटते." तुम्ही थांबलात. मग जणू तुमचीच वाक्यं आहेत अशा आवाजात तुम्ही ते पान शेवटपर्यंत वाचलंत, आणि पुढचं प्रकरणही. "मास्तर, तुम्ही भलतेच निघालात!" असं म्हणत तलाठी उठले, आणि ही गोष्ट कुठे बोलणार नाही, कुणाला बोलूही देणार नाही, असं आपणहून सांगून गेले. ते शब्दाला जागले. नोकरी राहिली, माझी अब्रूही राहिली.

दुसऱ्या दिवशी आईनं तुमच्या देखत वही चुलीत घातली. पुण्याचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. महिन्याच्या आत लोधिवलीचं स्थळ पाहिलंत आणि माझं लग्न लावून दिलंत. घर चांगलं आहे, माणसंही वाईट नाहीत, तक्रार करायला जागा नाही. पण तुम्ही घाई का केलीत ते मला तेव्हाच कळलं होतं. कुणीतरी आहे, असं तुम्हाला वाटलं. तो कोण, हे विचारायची तुम्हाला भीती वाटली, आणि तुम्ही विचाराल या भीतीनं मी तुमच्यासमोर यायचंच टाळलं. पुढे माहेरी आले की तुम्ही माझ्याकडे अपराध्यासारखे पाहायचा, तब्येत विचारायचा आणि बाहेर निघून जायचा. तसेच एक दिवस कायमचे गेलात.

आता हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? घरात सगळ्यांना वाचता येतं, त्यामुळे ठेवताही येणार नाहीत. पण एकदा लिहून टाकते. कुणीही नव्हतं, अण्णा. ते पान लिहिलं तोपर्यंत मी हसताना पाहिलेला पुरुष एकच. शाळा सुटल्यावर कणगीला टेकून आपल्याच वाक्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा.