माथ्यावरचा दगड

शनिवार, संध्याकाळ

आज एकटी बसने डोंगरातल्या हत्ता गावाला गेले आणि टेकडी चढले. पूर्ण! ह्यांचा नियम होता, माथ्यावरच्या दगडाला हात लावल्याशिवाय खालच्या पबमध्ये बिअर नाही. ते असेपर्यंत मी पायथ्याशी पुस्तक वाचत बसायचे, मग त्यांच्यासमोर लेमन-मिंट प्यायचे. आज दोनदा वाटलं, खलास, परत फिरावं. पण लावला हात. दगड चांगलाच तापला होता.

पबमध्ये एकटीने शिरायला चढणीपेक्षा जास्त धीर लागला. वसईचा जुना वेटर म्हणाला, “वहिनी, लेमन-मिंट ना?”

मी धुळीने माखलेला तळहात दाखवला. “नाही. साहेबांची बिअर.”

त्याने दोन ग्लास आणले. “एक साहेबांचा.”

दुसरा परत पाठवला. आज दगडाला हात फक्त मी लावला होता. नियम म्हणजे नियम.