आकाशातून नाना

एसुआनो
३ जुलै

ती. कोबिना मामांस,
योफीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तुम्ही ऐकत नाही, फक्त बोलता. परवा मी ड्रोनबद्दल सांगत होतो आणि तुम्ही मध्येच आईच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवून दिलात. आईचे गुडघे बरे आहेत. ती रोज मासे धुरावर धरते आणि खोकत खोकत तुमची आठवण काढते. आता शांतपणे वाचा.

आपले नवे राजे, नाना, गादीवर बसल्यापासूनचा हा पहिला आक्वाम्बोचा सण. लंडन-अमेरिकेची मंडळीसुद्धा यंदा सणाला गावी येणार आहेत. शेजारच्या गावाने गेल्या वर्षी मिरवणूक आकाशातून टिपली, तेव्हापासून नानांच्या मनाने घेतलंय की आपलीही तशीच निघाली पाहिजे. दरबारात माझं नाव निघालं. गावातला दुसरा फोटोग्राफर फक्त पासपोर्टचे फोटो काढतो, त्यामुळे चुरस अशी नव्हतीच. ड्रोन दरबाराचा, उडवणारा मी. पण निवडायचाही मीच, आणि चुकला तर दोषही माझाच.

खरी गोम पुढे आहे. जूनमध्ये तुम्ही रीतीप्रमाणे बाटल्या घेऊन, माझ्यासाठी मागणी घालायला आराबाच्या घरचं दार ठोठावून आलात, तेव्हा तिच्या वडिलांनी उत्तर सणानंतर देतो म्हटलं होतं. तिचे वडील, म्हणजे नानांच्या वतीने बोलणारे ओचामे बेदू, यांना तुम्ही ओळखताच. नाना पुटपुटणार आणि हे सोनेरी मुठीची काठी टेकून तेच खड्या आवाजात, शब्दांना दागिने घालून लोकांना ऐकवणार. आता त्यांनी आराबाला स्पष्टच सांगितलंय की पोरानं नानांचं काम नीट केलं तर बघू. नाही केलं तर केप कोस्टला एक दातांचा डॉक्टर आहे. मामा, मला त्या डॉक्टरचे स्वतःचे दात पडल्याची स्वप्नं पडतात.

अक्रात सर्कलच्या बाजारात दोन ड्रोन आहेत. एक पाव किलोहूनही हलका, घडी घालून खिशात जाणारा. दुसरा मोठा, कॅमेरा सरस, पण आवाज असा की बायकांचं गाणं बुडेल. माझं मन छोट्यावर आहे. त्याच्या भिंगावर लावायच्या करड्या काचाही हव्यात. फार उजेड आत गेला की ढोलकऱ्यांचे हात चित्रात तुटक तुटक, उचकी लागल्यासारखे हलतात. करडी काच उजेड कमी करते आणि हात सरळ वाहतात. तुम्ही जाऊन बघाल का?

आई सोबत धुरावलेले मासे आणि शितोची तिखट चटणी पाठवते आहे. डबा परत पाठवा, असं तिने तीनदा सांगितलंय.

तुमचा,
योफी

*

अक्रा
११ जुलै

चि. योफीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, मासे पोचले, शितो संपला. डबा सापडत नाही.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो तूच. पोरीच्या बापाचा होकार नाही आणि हा वर आकाशात उडायला निघाला! पण तुझ्या आईच्या घरात मी मोठा आहे. पडलास तरी लोक विचारणार मलाच, म्हणून मी जातीने बाजारात गेलो.

पाव किलोचं यंत्र आणि आपल्या किनाऱ्यावरचा वारा! मी दुकानातल्या मुलीला म्हटलं, मला नुसतं बोलून पटणार नाही. तिचा उभा पंखा पूर्ण जोरात लावायला सांगितला आणि म्हटलं, आता याच्यासमोर उडव. ती आधी हसली, मग मालकाकडे बघितलं, मग उडवला. तुझं ते चिलट पंख्यासमोर जागचं हललं नाही. माझी टोपी मात्र उडून शेजारच्या केंकीवालीच्या पातेल्यात पडली. मोठाही उडवून पाहिला. तो चालू होताच समोरचा पाद्री प्रवचन थांबवून आत गेला. तेव्हा छोटाच घेतला आहे.

काचांच्या डबीत आठ, सोळा आणि बत्तीस असे नंबर आहेत. आकडा वाढेल तशी काच काळी, असं ती मुलगी म्हणाली. म्हणजे कॅमेऱ्याला गॉगल, एवढं मला समजलं. समुद्राची चमक मारणारी आणखी एक काच होती. ती बोटाने फिरवून लावायची आणि मग उडवायचं. मी विचारलं, वर गेल्यावर ड्रोन वळला तर वर जाऊन बोट कोण फिरवणार? तिने ती काच स्वतःच परत कपाटात ठेवली.

शिवाय माझी स्वतःची पिवळी काच रुमालात बांधून पाठवतो आहे. काळ्या-पांढऱ्याच्या दिवसांत या काचेने मी ढगांना असा उठाव दिलाय की लोक ढगांसाठी फोटो काढून घ्यायचे. ती जरूर लाव.

आईला सांग, डबा शोधतो आहे.

तुझा मामा,
कोबिना

*

एसुआनो
२ ऑगस्ट

ती. मामांस,
योफीचा सा. न. वि. वि.

ड्रोन सुखरूप पोचला. बसच्या ड्रायव्हरने तो मांडीवर घेऊन आणला, कारण तुम्ही त्याला आत अंडी आहेत असं सांगितलं होतं. तुमची पिवळी काच ड्रोनच्या तोंडाएवढी आहे. नाकापेक्षा मोती जड. ती लावली असती तर ड्रोनने समुद्राला साष्टांग नमस्कार घातला असता. काच आईने देव्हाऱ्यात ठेवावी तशी बायबलशेजारी ठेवली आहे. करड्या काचा मात्र अगदी बरोबर. ढगाळ दिवसाला आठ नंबरची लावायची, लख्ख उन्हाला बत्तीस, हे मी पाठ केलंय. रोज सकाळी किनाऱ्यावर सराव करतो. मच्छीमार होड्या ओढायच्या सोडून वर बघत बसतात आणि शिव्या मला घालतात.

पण एक नवंच विघ्न उभं राहिलं. दरबारातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं की नानांच्या डोक्यावरून जाणार कोण? एसुआनोत नानांपेक्षा उंच कोणी बसत नाही. मिरवणुकीच्या दिवशी माडीवरचे लोकही खाली येतात. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच नानांच्या डोक्यावर बसणार होतो. दोन बैठका नुसत्या यावर गेल्या. शेवटी नाना काहीतरी पुटपुटले. ओचामेंनी काठी टेकून सांगितलं की घार नानांच्या डोक्यावरून रोज जाते आणि तिला आजवर कोणी दंड केलेला नाही. तेव्हा हे यंत्र घार समजावं. मात्र उडण्याआधी पूर्वजांना मद्य वाहून परवानगी मागावी. सगळे हो म्हणाले. म्हातारासुद्धा म्हणाला, कारण मद्य वाहणारा तोच.

आता मला कशाचीच काळजी नाही. वारा झाला, काच झाली, पूर्वज झाले. ओचामे काल मला बघून मान हलवून गेले. होकारार्थी की कसं ते आराबालाही कळलं नाही.

तुमचा,
योफी

ता. क. डबा?

*

अक्रा
१४ ऑगस्ट

चि. योफीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा धरला आहे, म्हणून सणाला येता येत नाही. तुझ्या आईचा गेला आणि माझा आला. भावंडांत सगळं वाटून घ्यायचं असतं. सल्ला एकच. नानांचा चेहरा सोडू नकोस. ढोल, झेंडे, होड्या नंतर. राजा दिसला म्हणजे मिरवणूक दिसली. आणि ओचामेंच्या समोर नखं खाऊ नकोस.

डब्याचा विषय आता बंद करावा.

तुझा मामा,
कोबिना

*

एसुआनो
३१ ऑगस्ट

ती. मामांस,
योफीचा नमस्कार.

सगळं मुसळ केरात गेलं. मी जिवंत आहे, ड्रोन सुखरूप आहे, बाकी काही उरलेलं नाही.

आधी काचेचं सांगतो. सकाळी आभाळ भरलेलं, म्हणून मी आठ नंबरची काच लावून तयार. म्हाताऱ्याने मद्य वाहिलं ते जमिनीवर कमी आणि ड्रोनवर जास्त. भिंगावरच्या काचेवर थेंब. पुसायला गेलो तर ते आणखी पसरले. तिकडे ढोल सुरू झाले, पालखी उठली. घाईत ती काढून हाताला लागली ती दुसरी काच बसवली आणि उडवला. ती बत्तीस नंबरची होती. त्यामुळे भर दिवसाची मिरवणूक दिवेलागणीला निघाल्यासारखी दिसते. पण त्याचं दुःख मोठं नाही. मोठं पुढे आहे.

तुम्ही सांगितलं, नानांचा चेहरा सोडू नकोस. मी नानांच्या बरोबर डोक्यावर ड्रोन धरला आणि हलू दिला नाही. हातातल्या पडद्यावर दिवसाच्या उजेडात काही धड दिसत नव्हतं. रात्री बघू, म्हटलं. रात्री चित्र संगणकावर भरलं आणि झोप आली. दुसऱ्या दिवशी तसंच घेऊन गेलो.

राजवाड्याच्या अंगणात पांढरा कपडा ताणला होता. सगळं गाव, लंडनची मंडळी, पुढे नाना, बाजूला ओचामे काठी घेऊन. मी सुरू केलं. आधी समुद्र दिसला, होड्या दिसल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आली पालखी. मामा, पालखीवर छत्री असते.

तुम्ही हसू नका. जन्मापासून मी ती छत्री बघतोय. लाल-हिरवी, झालरीची, चार माणसं झोपतील एवढी. पण बघतोय ती खालून! नानांना आम्ही सगळे समोरून बघतो, म्हणून छत्री डोक्यावर आहे हे डोक्यातच येत नाही. वरून नुसती छत्री. ती गोल फिरतेय, खाली-वर नाचतेय, पुन्हा गोल फिरतेय. पालखी सबंध गाव फिरली आणि नानांचं एक बोटही दिसलं नाही. दोन महिने आम्ही वाऱ्यावर, काचांवर आणि घारीवर डोकं फोडलं. दरबारात एवढे शहाणे, पण छत्रीचं एकालाही सुचलं नाही.

नाना ओचामेंच्या कानाकडे वाकून पुटपुटले. सगळ्यांना ऐकू आलं, ते म्हणाले, मी कुठे आहे? पण रीत ती रीत. ओचामे उठले, काठी टेकली आणि मला उद्देशून म्हणाले की सात समुद्रांच्या लाटा ज्यांच्या पायाशी शांत होतात ते विचारतात, त्यांचं मुखकमल कोणत्या दिशेला उगवलं आहे? मी ओचामेंना सांगितलं, छत्रीखाली. आता हेही त्यांनी दागिने घालून नानांना सांगायचं होतं. ते नानांकडे वळायला लागले तेव्हा कपड्यावर नजर गेली आणि बोलता बोलता थांबले. मामा, ओचामे बेदू अडखळलेले मी कधी पाहिले नव्हते. तसेच कपड्याकडे बघत उभे. मग नाना स्वतःच उठले आणि आत गेले. मंडळी उठली. ओचामे माझ्या अंगावरून गेले ते एक अक्षर न बोलता.

आराबा सांगते, घरीही गप्प आहेत. दातांच्या डॉक्टरला बोलावणार असतील. तिच्याशिवाय मला काही सुचणार नाही, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

तुमचा,
योफी

*

अक्रा
५ सप्टेंबर

चि. योफीस,
आशीर्वाद.

आधी हसून घेतलं, ते आईला सांगू नकोस. मग रात्रभर पडल्या पडल्या विचार केला. चूक तुझी एकट्याची नाही. राजाचा चेहरा सोडू नकोस हे तुझ्या या शहाण्या मामानेच लिहिलं होतं. रविवारी मी काठी टेकत येतो. आधी राजवाड्यात नाक घासू, मग ओचामेंच्या दारात. ते नाही म्हणाले तर नाही ऐकायलाही वडीलधारं माणूस बरोबर असावं. तोवर कुठे तोंड लपवून बसू नकोस. आईला मासे पोचवायला मदत कर.

तुझा मामा,
कोबिना

*

एसुआनो
६ सप्टेंबर

रा. रा. कोबिना क्वान्सा यांसी,
बेदू, दरबाराचे ओचामे, यांचा नमस्कार विनंती विशेष.

आपल्या भाच्याच्या चित्राबाबत नानांनी निर्णय दिला आहे, तो कळवतो. नानांचे म्हणणे असे की छत्री सुरेख दिसते आणि छत्री धरणाऱ्यांना यंदा शाबासकी मिळेल. पुढील वर्षी यंत्र घारीप्रमाणे न उडवता बगळ्याप्रमाणे, बाजूने आणि खालून उडवावे. यंदाचे चित्र राजवाड्याला नको. इथपर्यंत नानांचे शब्द.

आता माझे. स्वतःचे शब्द लिहिण्याची मला सवय नाही, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

तीन राजांपुढे मी काठी घेऊन चाललो. राजवाड्याच्या भिंतीवर त्या सगळ्यांचे फोटो आहेत. त्यांत काठी आहे, काठीवर माझी बोटे आहेत. त्यापुढे चौकट संपते. ते योग्यच आहे, ओचामे बघण्यासाठी नसतो, ऐकण्यासाठी असतो, असे मी मानत आलो. माझी बायको मिरवणुकीत नेहमी मागे, बायकांत असायची. घरी आल्यावर विचारायची, आज कसे दिसलात पुढून? मी म्हणायचो, मला काय माहीत, मी आत होतो. ती गेली. तिला मी पुढून चालताना कधीच दिसलो नाही, आणि मलाही नाही.

त्या दिवशी पांढऱ्या कपड्यावर छत्रीच्या पुढे एक माणूस चालत होता. सबंध गावभर तोच एकटा उघड्यावर. पाठ ताठ, काठी सरळ, पाऊल ढोलाच्या ठेक्यावर. उजवा पाय दुखतो, तो कुठे कळत नव्हता. कोण हा, असे मनात आले आणि मग कळले. सांगायचे ते विसरलो. नानांसमोर विसरलो, हे आयुष्यात प्रथमच.

राजवाड्याला चित्र नको असल्याने ते मी घरी मागून घेतले आहे. आराबा म्हणते, मी ते रोज बघतो. ती वाढवून सांगते.

आपल्या भाच्याने हे मुद्दाम केले नाही, हे मला ठाऊक आहे. त्याला नानाच टिपायचे होते. पण ज्याच्या चुकीतूनसुद्धा एका म्हाताऱ्या माणसाला तो स्वतः दिसला, त्याला मी नाही कसे म्हणू? आपण गुडघा बरा झाला की यावे. दार ठोठावण्याची गरज नाही, उघडेच आहे. केप कोस्टच्या डॉक्टरांना मी कळवले आहे की माझे दात उत्तम आहेत.

दोन अटी आहेत. माझे वस्त्र डाळिंबी आहे, चित्रात ते काळे दिसते. लग्नाच्या दिवशी पोराने फिकट काच लावावी. आणि त्या दिवशी मी अंगणात उघड्यावर बसेन. ऊन असो, पाऊस असो, कोणी प्रेमाने माझ्या डोक्यावर छत्री धरायला आला तर त्याला हटवणे हे मुलाकडच्यांचे काम.

आजवर ओळख होती, आता नाते होईल. दोन्ही सांभाळावीत ही विनंती.

आपला,
बेदू