बाहेरून कडी

दि. १९ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भाऊजींना घेऊन तू सासरी गेलीस, तेव्हापासून त्यांची भूक वाढली, हे ऐकून बरं वाटलं. इकडे दुकान चालू आहे. कटिंगला नवा मास्तर ठेवलाय. कापड वाचवतो, पण तोंड फार चालवतो. तुझ्या कुंड्यांतली झाडं जगवलीत, एक सोडून.

परवा फोनवर तू त्या डॉक्टरांना शिव्या घातल्यास. "माझ्या भावाने धावत नेलं, आणि मेल्यांनी साधं इंजेक्शन दिलं नाही!" मी नुसतं हूं हूं करत राहिलो. फोन ठेवला आणि स्वतःची अशी शिसारी आली की मोरीत जाऊन ओकलो. तोंडाने सांगायला जमणार नाही, म्हणून लिहितोय.

भाऊजींना मी सांगितलं तसं दुपारी एकला नाही, सकाळी साडेनऊलाच झालं होतं.

एका वकिलाच्या कोटाचं कापड कापत होते. कात्री सरळ जाता जाता तिरकी शिरली, अख्खी बाही वाया. मी ओरडलो. ते काहीतरी म्हणाले, पण शब्द नुसते लडबडत होते. तोंडाची उजवी बाजू लोंबलेली. हातातली कात्री पडली, उचलायला वाकले ते तिथेच बसले.

मी काय समजलो असेन, तुला वेगळं सांगायला नको. सहा वर्षं झाली त्यांनी दारू सोडून. पण मला एकदम तू उंबऱ्यावर वाट बघत बसायचीस ते दिवस आठवले आणि डोक्यात तिडीक गेली. "सकाळी सकाळी ढोसून आलात? लाज नाही वाटत?" त्यांच्या तोंडाचा वाससुद्धा घेतला नाही मी. काखेत हात घालून मागच्या गठ्ठ्यांच्या खोलीत फरफटत नेलं आणि बाहेरून कडी घातली. गिऱ्हाइकांपुढे शोभा नको, तुला कळायला नको, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं.

आतून दोनदा काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी मशीन जोरात मारली.

एकला कडी काढली. पँट ओली, लाळ कॉलरपर्यंत आलेली. मला किळस आली, ताई. त्यांची! मी त्यांना पायाने हलवलं.

तेवढ्यात ब्लाउज न्यायला आलेल्या नर्सबाई, त्या निवृत्त झालेल्या, मागे डोकावल्या. मला ढकलून खाली बसल्या.

"हसून दाखवा." अर्धंच तोंड हललं.

"दोन्ही हात वर करा." उजवा जागचा हलला नाही.

"नाव सांगा." नुसती घरघर.

"अरे, हा पक्षाघात आहे! कधीपासून असं?"

"सकाळपासून."

"आणि तू शिवत बसलास?"

डॉक्टरांनीही आधी वेळच विचारली. त्यांना मी खरी सांगितली, तुला खोटी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. त्यांचा काही दोष नाही.

आणखी एक. ब्लडप्रेशरच्या गोळ्या भाऊजींनी महिनाभर आधीच बंद केल्या होत्या. "ठणठणीत आहे रे मी," म्हणाले, आणि मीही हसलो. आता गोळी तू समोर उभी राहून दे. पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर कुणाला विचारत बसू नकोस. घड्याळ बघ आणि गाडी बोलाव.

काल तुझा निरोप आला, भाऊजी एकेक शब्द बोलायला लागले. ताई, आधी आनंद नाही झाला. भीती वाटली. कडी लावताना ते शुद्धीत होते, माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांनी सांगायच्या आत मी सांगतोय, एवढंच. याला धीर म्हणू नकोस.

आता चारचौघांत माझं कौतुक करू नकोस.

तुझा,
धाकटा