आसगावचा ट्रॅक्टर, करडीचा कल्टिव्हेटर

१४ जून

आला! आसगाववरून ट्रॅक्टर आला. जुना आहे, लहान आहे, पन माया आहे! बायको, रंजू, आरती घेऊन फाटकात उभी. पारावरून शेजारचा दादाजी ओरडला, "चंदूभाऊ, ट्रॅक्टर आनला का खेळनं?" खेळनं त खेळनं! आता मले धनराजच्या दारात जावं लागनार नाई.

वाटणीच्या वक्ती पंचाची अक्कल चराले गेली होती. दोन भाऊ, एक मोठा ट्रॅक्टर, एक कल्टिव्हेटर. लहान भावाले, म्हणजे धनराजले, ट्रॅक्टर देला. मले कल्टिव्हेटर! ट्रॅक्टरबिना कल्टिव्हेटर म्हणजे अंगणातलं भंगार. अन् कल्टिव्हेटरबिना त्याचा ट्रॅक्टर कोणत्या कामाचा? गेल्या साली दोघायनं बी भाड्यानं धानाची चिखलणी करून घेतली, पन एकमेकाले मांगितलं नाई. करडी गावाले फुकटचा तमाशा भेटला.

माय नाई आली ट्रॅक्टर पाहाले. धनराजकडे राहते ती. येईन.

१५ जून

बसत नाई!!

कल्टिव्हेटर मोठ्या ट्रॅक्टरचा. त्याच्या पिना जाड, अन् दोन पिनांमधलं अंतर बी जास्त. माया ट्रॅक्टरचे मागचे दोन हात जवळ-जवळ, त्यायची भोकं बारीक. वरचा दांडा त पोचतच नाई. रंजू म्हणते, "घेताना पायलं नाई काय?" नाई पायलं! घाईत होतो. झालं.

१७ जून

धनराज रस्त्यानं जाऊन राहिला होता. फाटकाशी थांबला. ट्रॅक्टरकडे पायलं, कल्टिव्हेटरकडे पायलं. म्हणाला, "बसन नाई भाऊ तो." एवढंच. अन् गेला.

एवढा संताप आला मले! वर्षभर बोलला नाई, अन् बोलला त हे! आता बसवतोच. नाई बसवला त नावाचा चंद्रकुमार नाई.

२० जून

दिवसभर पुठ्ठा कापला. रंजूच्या मिक्सरचा डब्बा होता, त्याचा. मागचे हात कुठं येतात, पिन कुठं येईन, वरचा दांडा किती खाली घ्यावा लागन – सगळं पुठ्ठ्यावर काढलं, कापलं, लावून पायलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा असं बसलं का मी एकटाच हासलो. रंजू डब्ब्यासाठी बडबडून राहिली होती. बडबडू दे.

कल्टिव्हेटर नऊ दाती आहे. लहान ट्रॅक्टर नऊ दाते ओढनार नाई. बाजूचे चार काढायचे, पाच ठेवायचे.

२२ जून

बसस्टॉपजवळच्या भूपेशचं वेल्डिंगचं दुकान. तो मशीन घेऊन घरीच आला. पुठ्ठा पायला अन् म्हणे, "भाऊ, हे तुमीच काढलं?" मंग कोणं? तुया सासऱ्यानं?

कल्टिव्हेटरच्या जुन्या पट्ट्या, ज्यायले पिना असतात त्या, ग्राइंडरनं कापाच्या आधी तो थांबला. "कापू नका भाऊ. जुन्या राहू द्या, नव्या नटबोल्टनं लावू. उद्या मोठ्या ट्रॅक्टरले लावायचा असला त?"

म्हटलं, "कोणाच्या मोठ्या ट्रॅक्टरले? काप!"

ग्राइंडर मी स्वतः धरला. कापून टाकल्या. चौकट बी दोन्हीकडून कमी केली. नव्या पट्ट्या पक्क्या वेल्ड.

२३ जून

डोळे सुजले. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यानं पाहत होतो. रंजूनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या अन् वरून शिव्या.

२६ जून

फजिती! भर धानाच्या बांधीत, सगळ्यायसमोर.

बसला बराबर. पिन टकाटक गेली. पन बांधीत नेऊन कल्टिव्हेटर उचलाले लिव्हर वढला, त पुढचे दोन्ही चाकं वर! बाप्पा रे! मी स्टेअरिंगले लटकलो. बांधाच्या धुऱ्यावरचे लोकं पोट धरून हासले. दादाजी त खालीच बसला.

धनराज त्याच्या बांधीत होता. तो हासला नाई. धावत आला होता, मी खाली उतरलेला दिसलो तसा थांबला. मी तिकडे पायलं नाई.

२७ जून

कळलं! कल्टिव्हेटर फार मागं गेला. पट्ट्या लांब ठेवल्या ना मी. आखूड केल्या, जवळ घेतला. अन् पुढं जुन्या इंजिनचं जड चाक बांधलं. भूपेश म्हणे, "दिसते खराब." म्हटलं, लगनाले नेतो काय?

२ जुलै

चालला!!!

काय चालला! पाचही दाते चिखलात, पुढचे चाकं जमिनीवर, अन् मागं लोण्यासारखा चिखलाचा गारा. कोपऱ्यात मोठा ट्रॅक्टर जिथं फिरत नाई, तिथं बी फिरला. दुपारपावतर तीन बांध्या झाल्या. दादाजी धुऱ्यावर येऊन उभा. हासला नाई आज! म्हणे, "माया पुतण्याजवळ बी लहान ट्रॅक्टर आहे. त्याले असं करून देशीन का गा?"

पाहू म्हटलं. भाव खाल्ला थोडा. का नाई खाऊ? मायाच डोक्यातून निंगालं हे. पुठ्ठ्यावर, मायाच हातानं! संध्याकाळी कल्टिव्हेटर धुतला अन् उगाच त्याच्याभोवती फिरत राहिलो. रंजू म्हणे, "त्याले बी घरात झोपवता काय?" पन तिनं बी हात लावून पायला. खुश होती.

४ जुलै

धानाचा रोवणा लागला. कोणाच्या दारात न जाता!

६ जुलै

माय आली. सगळं दाखवलं तिले – पिना, पट्ट्या, पुढचं वजन. हात फिरवला तिनं. "चांगला केला बाबू," म्हणाली. मंग पायरीवर बसली.

"पंचायले शिव्या नको देत जाऊ. मीनंच सांगतलं होतं त्यायले. एकाले ट्रॅक्टर द्या, एकाले अवजार. रोवण्याच्या वक्ती तरी एकमेकाच्या दारात जातीन."

म्हटलं, "माय, मंग आमाले काहून नाई सांगितलं?"

"सांगून गेले असते त ते जाणं कायचं?"

ती उठली.

"यंदा धनराज निंगाला होता. तुयाच घरी, कल्टिव्हेटर मांगाले. भूपेश आला होता त्या दिवशी. फाटकातून तुले कापताना पायलं अन् परत आला."