अप्पांचा वरचा सूर

सोमवार, ४ ऑगस्ट

अप्पांचा सूर आज उतरला. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

आमची शाळा घंटेने भरत नाही, सुराने भरते. अप्पा मधल्या दालनात उभे राहून नुसत्या गळ्याने सा देतात, पोरं तो उचलतात आणि सगळे मिळून पायरी-पायरीने वरच्या सा पर्यंत चढतात. तिथे थांबायचं, शांत व्हायचं, मग आपापल्या वर्गात. आज वर पोचल्यावर अप्पा किंचित खाली राहिले. आणि त्यांच्यामागे पोरंही खाली. झाडून सगळी!

सर्दी असेल. शेवटी माणूस आहे, यंत्र नव्हे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सर्दीबिर्दी काही नाही. आजही तेच.

राग आला तो पोरांचा. या शाळेत एकच नियम कडक आहे – सूर खटकला की हात वर करायचा, मग गाणारा कोणी का असेना. अप्पांनीच केलेला नियम. पहिलीतल्या टिल्ल्या पोरांनी पाहुण्यांसमोर अप्पांना थांबवलंय, आणि अप्पा असे खूश झालेत की जणू बक्षीस मिळालं. आणि आता? एक हात वर नाही. सगळी आपली तोंडं वासून मजेत गातायत.

धाकट्या बाईंना विचारलं. गेल्या वर्षी लागल्यात, गळा गोड, स्वभाव सशाचा. "मला नाही हो तसं वाटलं, मोठ्या बाई," म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या. फळा कोरा होता.

बुधवार, १३ ऑगस्ट

एक पालक आले होते. तक्रार काय, तर मुलगा दुकानात हिशेब करतानाही डोलतो. मी म्हटलं, हिशेब चुकतो का? नाही म्हणाले. मग डोलू द्या की. हसत गेले बिचारे.

पण मला आज हसू येत नव्हतं. अप्पांनी चांगली नोकरी सोडून ही शाळा काढली तेव्हा लोक म्हणाले, गाणं शिकवायचं तर क्लास काढा, शाळा कशाला. अप्पांचं म्हणणं एकच – गाणं शिकवायचं नाहीये, ऐकायला शिकवायचंय. पाढे तालात. शुद्धलेखन तालात, स्वल्पविरामाला श्वास. भांडण झालं की दोघांनी आधी एका सुरात यायचं, मग तक्रार सांगायची. एका सुरात आलं की भांडायला काही उरत नाही, असा अप्पांचा सिद्धांत. (तिसरीतल्या दोघी मात्र छान एका सुरात आल्या आणि पुन्हा एकमेकींच्या झिंज्या धरल्या.) पेटी शाळेत आणू दिली नाही कधी. पेटी आली की पोरं ऐकायचं सोडतात म्हणे.

म्हणजे सगळा डोलारा अप्पांच्या कानावर उभा. मी माझं स्वतःचं गाणं बाजूला ठेवून इथे आले तीही त्या कानाच्या भरवशावर. तोच गेला तर उरलं काय?

आई असती तर तिने त्यांना एका वाक्यात सांगितलं असतं. माझी जीभच रेटत नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज राहवलं नाही. अप्पा थांबल्यावर मी स्वतः वरचा सा लावून दाखवला – खणखणीत, जिथे असायला हवा तिथे. दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला. धाकट्या बाईंनी तो हळूच खाली केला. शू लागली असेल. पण गेली कुठे नाही, नुसती माझ्याकडे टकामका बघत राहिली.

अप्पाही बघत होते.

सोमवार, १ सप्टेंबर

सांगितलं.

संध्याकाळी बुटांना पॉलिश करत बसले होते. मी समोर बसले आणि एका दमात म्हटलं, "अप्पा, तुमचा वरचा सूर लागत नाही हल्ली. खाली राहतो."

हात थांबला नाही त्यांचा. "कधीपासून?"

"महिना होईल."

"फक्त वरचा?"

"खालचे ठीक आहेत."

"आणि पोरांचा?"

"पोरं तुमच्यामागेच येणार ना. तीही खालीच."

मग त्यांनी ब्रश ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे असेल. तुझा कान मीच तयार केलाय." आणि दुसरा बूट घेतला.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. बापाला त्याचं म्हातारपण सांगायची वेळ कोणावर येऊ नये.

बुधवार, १० सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आमचाच जुना विद्यार्थी, अजून अप्पांच्या पाया पडतो. अप्पा आत जायला कां कूं करायला लागले, लहान मुलासारखे. मी म्हटलं, घाबरताय काय, मी आधी बसते. बसले. कानाला ते लावायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. मग एक-एक कान बंद करून कसलेकसले सूर ऐकवले. मग अप्पा बसले.

निकाल सांगायच्या वेळी अप्पांनी मला गाडी बघायला बाहेर पाठवलं. आले ते काठी टेकत, हळू. "तुझं बरोबर होतं. माझे कान गेलेत."

"काही औषध?"

"या वयात कसलं औषध."

घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. धीर मी त्यांना द्यायला हवा होता, देत होते तेच मला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

अप्पांचा शेवटचा दिवस. पोरांना म्हणाले, "सोमवारपासून सूर धाकट्या बाई देतील. मला नीट ऐकू येत नाही आता." एवढंच. भाषण नाही, काही नाही. धाकट्या बाई खांबाआड डोळे पुसत होत्या.

सगळं दालन माझ्याकडे बघत होतं. माझ्याकडे का? मी काय त्यांना हाकलून लावलं? जे खरं होतं ते बोलले. कोणीतरी बोलायला हवंच होतं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

अप्पा आंघोळ करतानाही गुणगुणत नाहीत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज हात जोडले त्यांच्यापुढे. शाळेत नको तर नको, घरात तरी गा. खालच्या सुरात गा. घर खायला उठतं.

"आपल्यालाच जे ऐकू येत नाही ते कशाला गायचं," म्हणाले. मग मीच कानकोंडी झाले, आणि तेच मला म्हणाले, "तू गात जा. तू सोडू नकोस." माझा जन्म झाल्यापासून मी या माणसाला गाण्याशिवाय पाहिलेलं नाही. खुर्चीत बसतात, पेपर वाचतात, तोच पेपर दुपारी पुन्हा वाचतात.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आता धाकट्या बाईंचाही वरचा सूर पडायला लागलाय! अप्पांनी लावलेली खोड पोरांच्या अंगात मुरली आणि पोरांकडून बाईंना लागली, दुसरं काय. आज सगळ्यांसमोर झापलं मी त्यांना. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण उलट बोलल्या नाहीत. "उद्या थोडा वर लावते," म्हणाल्या.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते एकदम म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. तिचा सूर–" आणि थांबले. "नवीन आहे. सांभाळून घे."

सांभाळूनच तर घेतेय सगळ्यांना. मला कोण सांभाळणार?

बुधवार, १२ नोव्हेंबर

औषधाच्या दुकानात डॉक्टर भेटला. "बाई, पुन्हा आलाच नाहीत. मशीनचं काय ठरलं?" मी म्हटलं, अप्पांना विचारून कळवते.

"अप्पांना कशाला? त्यांचे कान ठणठणीत आहेत. तुमच्यासाठी म्हणतोय मी. वरचे सूर तुम्हाला उतरलेले ऐकू येतात, आणि हे वाढत जाणारं आहे. अप्पा म्हणाले होते, मीच सांगतो तिला – सांगितलं ना त्यांनी?"

हो म्हटलं.

अप्पा आतल्या खोलीत पेपर वाचतायत. मघापासून विचारतायत, आलीस का गं. मला उठवत नाहीये.