भरदुपारचे दिवे

रत्नागिरी,
मंगळवार

चि. अजिंक्य यास सदूमामाचे आशीर्वाद.

तू आणि सूनबाई मनस्वी ठाण्यात सुखरूप असाल असं धरून चालतो. तुझा खोकला गेला असेल. नसेल तर ज्येष्ठमध चघळ, डॉक्टर बदलू नकोस. तुझ्या मामीचा गुडघा होता तिथेच आहे आणि माझी साखर होती त्याहून थोडी वर आहे.

ताजी बातमी आधी देतो. आमच्या लेकीचं, आरोहीचं, लग्न मोडलेलं नाही. तिचे होणारे सासरे मांडवकर गुरुजी, त्यांची थोरली बहीण सोनूबाई हिने काल संध्याकाळी कळव्याहून फोन करून तसं पक्कं सांगितलं. "नाय मोडत, निवांत ऱ्हावा," एवढंच बोलली आणि फोन ठेवला. लग्न मोडायची वेळ का आली होती, हे तुला कळायला हवं म्हणून लिहायला बसलो. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस, आणि या प्रकरणात सगळं ऐकून घेतल्याशिवाय तू बोलू नयेस असं मला वाटतं.

मूळ कारण गाडी. पंधरा दिवसांपूर्वी तू सुट्टी काढून आलास, माझी सोळा वर्षांची गाडी एक्सचेंजमध्ये द्यायला लावलीस आणि ही पांढरी निवडलीस, तीही सगळ्यात वरचं मॉडेल. (मी खालचं मॉडेल म्हणत होतो. तुझ्या लक्षात असेल.) शोरूममधल्या योगिनी मॅडमने चाळीस मिनिटं समजावलं आणि शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही काहीच करायचं नाही, गाडी सगळं स्वतः करते." तेव्हा मला ते आश्वासन वाटलं होतं. ही गाडी उजेड कमी झाला की आपणहून दिवे लावते आणि उजेड आला की विझवते. ठाण्यात ठीक असेल. आमचा रस्ता तुला ठाऊक आहे. फाट्यापासून वाडीपर्यंत तीन किलोमीटर फणस, काजू आणि वड, मध्ये मध्ये उघडा कातळ. गाडी फणसाखाली शिरली की दिवे लागतात, कातळावर आली की विझतात, पुढच्या वडाखाली परत लागतात.

पहिल्या दिवशी बाजारात गेलो, तर समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताचा पंजा उघडमीट करून दाखवू लागला, म्हणजे तुमचे दिवे चालू राहिलेत. रिक्षावाले, एसटीचे ड्रायव्हर, मच्छीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई (तिने एका हाताने पाटी सावरून दुसऱ्याने पंजा दाखवला, ही माणुसकी), सगळ्यांनी. मी मान डोलवून डोलवून थकलो. तुझ्या मामीला वाटलं, नवीन गाडी बघून लोक हात करतायत. तिने सगळ्यांना हात केला. हात करण्याचा हा कार्यक्रम तीन दिवस चालला. एका संध्याकाळी आरे-वारेला गेलो, तर या गाडीने वळणावरच्या चकाकत्या पाटीला बघून दिवे अदबीने खाली केले आणि समोरून चालत येणाऱ्या चार माणसांच्या डोळ्यांत सरळ मोठे दिवे मारले. पाटीला मान देते, माणसाला नाही. मी योगिनी मॅडमला फोन केला. ती म्हणाली, "सर, ते फीचर आहे." बंद करायचं बटण आहे म्हणते. मी ते फिरवतो, दिवे बंद होतात, आणि गाडी परत सुरू केली की ती मागचं सगळं विसरून पुन्हा स्वतःच्या मनाने वागते. (तुझे आजोबा असेच होते.)

आता रविवार. रविवारी आरोहीचा साखरपुडा होता आणि तू येऊ शकला नाहीस. मुलगा स्वरूप तिने स्वतः पसंत केलेला, चार वर्षं दोघं थांबलेली. अडचण होती स्वरूपच्या वडिलांची. मांडवकर गुरुजी म्हणजे राजापूर तालुक्यात छत्तीस वर्षं मास्तरकी करून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. शिस्तीत इकडचं तिकडे झालं की त्या माणसाचं तोंडही बघत नाहीत. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा वेळ चुकवली, त्याच्याशी अबोला अकरा वर्षं चालू आहे. त्यांना हो म्हणायला लावता लावता आरोहीचं वजन कमी झालं. मुहूर्त अकरा बावन्नचा. पाहुण्यांना वाट सापडावी म्हणून मी आणि तुझी मामी गाडी घेऊन फाट्याकडे सामोरे निघालो.

तिकडून पाहुणे एकाच गाडीतून येत होते. आसनं नऊ, माणसं एकोणीस, चालवायला गुरुजींचा पुतण्या खंडू, आणि गाडीचा विमा गणपतीच्या आधीच संपलेला. आता त्यांच्या जागी तू स्वतःला ठेव. भरदुपार, अनोळखी रस्ता, आणि समोरून एक पांढरी गाडी तीनदा दिवे मारत येते. आपल्याकडे दिवसा दिवे मारले की त्याचा अर्थ एकच, पुढे पोलीस आहेत. खंडूने कातळावर गाडी वळवली आणि आला तसा सुसाट निघाला. मला वाटलं, पाहुणे वाट चुकले. मी हॉर्न देत मागे लागलो. आणि मी मागे लागलो म्हणजे दर झाडाखाली दिवेही लागले. फाटा ओलांडून हमरस्त्याला आलो, तिथे चौपदरीकरणात एक झाड शिल्लक नाही, त्यामुळे माझी गाडी जरा सभ्य वागली. पण खंडू घाबरून काजू कारखान्याच्या आडवाटेला शिरला, तिथे रायवळ आंब्यांची रांग. पाच आंबे, पाच वेळा दिवे. खंडूची खात्री झाली की आधीचा इशारा देणारा नव्हताच, हेच पोलीस. त्याने कारखान्याच्या आवारात गाडी घातली आणि काजूच्या टरफलांच्या ढिगामागे लावली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तुझ्या मामीने घेतला. गुरुजी होते, आवाज अगदी खालचा.

"वहिनी, जरा उशीर होईल. आमच्या मागे पोलीस लागलेत."

"अगो बाई. कुठे आहात?"

"काजूच्या कारखान्यात. पांढरी गाडी आहे त्यांची. आता फाटकाशी आलीय."

तुझ्या मामीने समोर फाटकाकडे बघितलं, मग आमच्या गाडीच्या पांढऱ्या नाकाकडे बघितलं. "भावजी," ती म्हणाली, "ते आम्हीच आहोत. तुम्हाला घ्यायला आलोय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी घाईत इंजिन चालू ठेवूनच उतरलो. गाडी शेवटच्या आंब्याखाली होती, म्हणजे दिवे चालूच. आम्ही दोघं ढिगामागे गेलो, तर ही बातमी तिकडच्या सर्वांपर्यंत पोचलेली नव्हती. एकोणीस माणसं ठेवणीतल्या कपड्यांत उभी, आणि त्यांच्यातले एक म्हातारे नारळ पुढे धरून गाऱ्हाणं घालत होते, "बा देवा म्हाराजा, ही जी कोण पिडा लेकरांच्या मागं लागली आसंल, ती आल्या वाटेनं परतून लाव रे म्हाराजा." गुरुजी सोडून बाकीचे सतरा जण "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि मी दिसलो.

मी गुरुजींना सगळं खरं सांगितलं. गाडी दिवे आपोआप लावते, म्हटलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"आपोआप," ते म्हणाले. "शाई आपोआप सांडली. काच आपोआप फुटली. छत्तीस वर्षं मी हेच ऐकतोय, सदूभाऊ. व्याह्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं." मग खंडूकडे वळून म्हणाले, "गाडी राजापूरकडे घे."

स्वरूप खाली मान घालून गाडीकडे वळला. पोराचा चेहरा मला बघवेना. घरी आरोही हिरवी साडी नेसून बसली होती आणि भटजी दर दहा मिनिटांनी मला मिस कॉल देत होते. तेव्हा मी दुसरं कारण दिलं. ते गुरुजींना लगेच पटलं. मला आणि तुझ्या मामीला त्यांनी आपल्याच गाडीत घेतलं (नऊ आसनांत आता एकवीस) आणि माझ्या गाडीसमोरून जायला नको म्हणून खंडूने मागच्या फाटकाने वाट काढली. आमची गाडी दुपारी तीनला शेजारचा गौरव घेऊन आला. तोपर्यंत ती आंब्याखाली दिवे लावून उभीच होती. साखरपुडा एक वाजून दहा मिनिटांनी झाला. अंगठ्या बोटांत बसल्या, वडे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ पुरली, आणि गुरुजींनी दोनदा वाढून घेतलं. आरोही हसली. तेवढ्यासाठी मी काहीही बोललो असतो, आणि बोललो.

सूनबाईला आशीर्वाद. पथ्य पाळ.

तुझा,
सदूमामा

ता. क. वरचं दुसरं कारण सांगायचं राहिलं. मी गुरुजींना म्हटलं की गाडी मी चालवत नव्हतो, माझा भाचा अजिंक्य चालवत होता. समोर दिव्यांचा इतका लखलखाट होता, की गाडीत कुणी बसलंय की नाही हे कुणालाच दिसत नव्हतं. तू बाहेर का येत नाहीस, असं त्यांनी विचारलं. तुला लाज वाटतेय, असं मी सांगितलं. नंतर तू परस्पर स्टेशनला गेलास, सोमवारी ड्युटी होती, म्हणून जेवायला नव्हतास. गाडी तूच निवडलीस, तेव्हा हे अगदीच खोटं आहे असं मला वाटत नाही. तुझी मामी रविवारपासून माझ्याशी फक्त स्वयंपाकापुरतं बोलते.

ता. क. २. सूनबाईलाही विश्वासात घे. त्या दिवशी तू घरी होतास असं ती भोळेपणाने बोलून जायची.

ता. क. ३. बस्ता बांधायला मांडवकर मंडळी शनिवारी कळव्याला सोनूबाईकडे उतरतायत. दिवे कधी लावावेत आणि कधी लावू नयेत, याबद्दल गुरुजींना तुझ्याशी समोरासमोर दोन शब्द बोलायचे आहेत. (सोनूबाई म्हणते, ते दोन शब्द साधारण तासभर चालतात. खाली वाकून नमस्कार केलास तर पाऊण तासात आटोपेल.) पत्ता मी दिला आहे. हे पत्र स्पीड पोस्टाने शुक्रवारपर्यंत पोचेल, असं पोस्टात म्हणाले. भरदुपारी दिवे का लावले होते, याला मी तुला कमी दिसतं असं कारण दिलेलं आहे. रविवारी साडेदहाच्या सुमारास तुझी बेल वाजेल. दार जरा चाचपडत उघड.