मंदाचं निळं टेबल

प्रिय मंदा,

काल प्रदर्शनात आपल्या दागिन्यांच्या टेबलावर मी एकटी बसले होते. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला? बहिणीला सांगितलं तर म्हणेल, "या वयात कशाला दगदग?" शेजारी सांगितलं तर विचारतील, "विक्री कशी झाली?" म्हणून दुपारचा चहा झाला आणि कागद घेऊन बसले.

प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन गणपती उठले तेव्हाच आला होता. "कुलकर्णी मॅडम, यंदा निळं टेबल दाराजवळ देऊ का?" त्यांना ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "मंदा गेली हो." त्या चाचरत म्हणाल्या, "अरेरे... मग टेबल रद्द करू?" आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "नको. मी बसेन."

तू गेलीस हे मला कसं कळलं, माहितंय? कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर! वर कुणीतरी पाण्याचा टँकर कधी येणार म्हणून विचारलेलं, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि मधे तुझा फोटो. सुनेच्या डोहाळजेवणाला पुण्याला निघालीस तेव्हा किल्ली माझ्या हातात दिलीस. "ताई, कढीपत्त्याला पाणी घाला. लगेच येते." त्याच मुक्कामात झोपेत गेलीस. सगळं तिथंच उरकलं. महेश नंतर म्हणाला, आईच्या छातीत अधूनमधून दुखायचं. मला का नाही बोललीस गं? दिवसातून तीनदा माझ्या घरी यायचीस, आमटीत मीठ कमी पडलं तरी सांगायचीस, आणि हेच नेमकं राहिलं?

मी पुण्याला फोन लावला होता. कुणीतरी बाईंनी उचलला. "आपण कोण?"

"मैत्रीण."

"बरं, सांगते हं घरच्यांना," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मैत्रिणीला सुतक नसतं, मंदा. तिला भेटायला कुणी येत नाही, तिच्या दारात पिठलं-भाताचा डबा येत नाही. दुसऱ्या दिवशी मी दळण आणायला गेले. गिरणीवाला म्हणाला, "आज एकट्याच?" मी म्हटलं, "हो, ती पुण्याला गेलीय." पुढं कितीतरी दिवस मी त्याला हेच सांगत राहिले.

आपली ओळख तरी कशी झाली बघ. टेलिफोन ऑफिसातून रिटायर होऊन मी चिकलठाण्यात फ्लॅट घेतला. लग्न केलं नव्हतं, आई गेली होती, सामान असून नसल्यासारखं. तू खालच्या मजल्यावरून आलीस, हातात चांदीचं अर्धवट झुमकं, आणि दारातच म्हणालीस, "ताई, तुमचे कान उसने द्या ना जरा!"

मी बघतच राहिले. तू मला खिडकीपाशी बसवलंस, माझी कुडी काढलीस, ते झुमकं कानात घातलंस आणि मान धरून इकडं तिकडं वळवून पाहिलंस. "सोताच्या कानातलं सोताला दिसत नाय, अन् आरसा उलटं दाखवतो. तुमचे कान लई चांगले हायेत." त्याआधी माझ्या कानाला कुणी हात लावला होता? आईनं, कान टोचले तेव्हा. त्यानंतर तूच.

पुढं रोजचंच झालं ते. तुझे वडील पिशोरला सोनार. भावाला त्यांनी शिकवलं, तुला नुसतं शेजारी बसू दिलं आणि फुंकणी हातात दिली. भावानं पुढं मोबाईलचं दुकान टाकलं, आणि ऐरण, चिमटे, तार ओढायची पट्टी, सगळं तुझ्या माळ्यावर येऊन पडलं. नवरा कंपनीत, मग महेशची शाळा, मग नवऱ्याचं आजारपण. तो गेला, महेश पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा कुठं तू ती पेटी खाली उतरवलीस. स्वयंपाकाच्या ओट्यावर एकीकडं वरण शिजायचं, दुसरीकडं तू चांदीची तार वळायचीस. रिठ्याच्या पाण्यात दागिना उजळून निघाला की ओला ओलाच घेऊन जिना चढून यायचीस.

आणि खडा निळाच! गडद लाजवर्द नाहीतर आकाशी पिरोजा. लाल नाही, हिरवा नाही. प्रदर्शनवाल्या बाई म्हणाल्या, "टेबलावर अजिंठ्याच्या चित्रांतला निळा अशी पाटी लावा, लोक येतील." तू म्हणालीस, "मी दोनदा अजिंठ्याला गेले. एकदा गर्दी होती अन् एकदा चक्कर आली. मला कुठं काय निळं दिसलं? मला आवडतो म्हणून निळा. त्याला पाटी कशाला?" पण पाटी नसतानाही निळं टेबल हे नाव पडलंच.

बायका मात्र घाबरायच्या. हार हातात घ्यायच्या, गळ्याशी धरून बघायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "नीलम तर नाही ना? शनीचा खडा लाभला नाही तर वाटोळं करतो म्हणतात." तू कपाळाला हात लावायचीस. "ओ बाई, लाजवर्द हाय हा! शनीला याची वळखसुद्धा नाय!" तू तोडून बोलायचीस आणि मी सावरून घ्यायची. चौकशी करणाऱ्या बायकांना फोनवर समजावण्यात माझी सगळी नोकरी सरली होती, ती विद्या इथं कामाला आली. किती बायकांच्या मनातला शनी मी त्या टेबलावर उतरवला असेल!

तू गेल्यावर महिन्याभरानं महेश घर आवरायला आला. एकटाच. मला खाली बोलावलं. ओट्यावर तुझी पेटी उघडी होती, शेजारी खड्यांच्या पुड्या, तयार दागिन्यांचा डबा.

"मावशी, तुमच्याकडं आईचं काही असेल तर तेही द्या," तो म्हणाला. "चांदी मोडीत घालतो, खडे पैठणला गोदावरीत सोडून येतो."

मला आधी कळेचना. "का रे?"

तो खाली बघत बोलला. "ऋतुजाच्या आईचं म्हणणं आहे, बाळ येणार, घरात निळे खडे नकोत. आई गेली तीही शनिवारीच. मला नाही पटत मावशी. पण ऋतुजाचे दिवस भरत आलेत, तिच्या डोक्यात भीती नको."

रागवावं असं वाटलं, पण राग येईना. लेकरू दमलेलं होतं. मी म्हटलं, "मग मला दे सगळं."

"तुम्हाला? आणि तुम्हाला काही झालं तर?"

"माझ्या घरी कोण आहे रे? शनी आला तर येऊ दे. तेवढीच सोबत."

तो हसला. मग ओट्याला टेकून खालीच बसला आणि ढसाढसा रडला. तुझा लेक तुझ्यासारखाच आहे, रडतानाही एका हातानं डोळे झाकतो. संध्याकाळी त्यानं स्वतः पेटी उचलून वर आणून दिली.

तर काल तोच डबा घेऊन मी टेबलावर बसले. तुझं काळं मखमली कापड अंथरलं, तू मांडायचीस तसंच सगळं मांडलं. पहिली बाई आली, लाजवर्दाचा हार उचलला, "सुंदर आहे हो!" म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बघा हं, कडी जरा नाजूक आहे. निसटते." खोटं! तुझी कडी कधी निसटली? ती गेली. दुसरीनं पैंजण हातात घेतलं, मी म्हटलं, काळं पडतं. तिसरीनं विचारलं, "नीलम का?" मी म्हटलं, "पत्रिका दाखवून घ्या. निळ्याचं काही सांगता येत नाही." तिनं अंगठी अशी खाली ठेवली जसं काही भाजलंच!

तू असतीस तर चिमटा फेकून मारला असतास. पण काय करू? एक विकलं की एक कमी. नवं कुठून येणार? ओट्यावर आता कोण तार वळणार? माझं मलाच समजत होतं की हे चुकतंय, तरी हात दागिने झाकून झाकून ठेवत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मावशी, तुम्ही सगळ्यांना असंच सांगता?"

खांद्यावर बाळ घेतलेली एक मुलगी. मी ओळखलंच नाही. "मी ऋतुजा. महेशची बायको," ती म्हणाली. खालचं घर भाड्यानं द्यायचंय म्हणून आली होती दोघं, आज परत जायची होती. महेशनं तिला टेबलाचं सांगितलेलं.

मी काहीतरी सारवासारव करायला गेले, ते जमेना. शेवटी म्हटलं, "संपून जाईल गं सगळं." ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, तुझ्या खुर्चीवर. बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि पिरोज्याची झुमकी उचलून स्वतःच कानात घातली.

मी म्हटलं, "तुझी आई काय म्हणेल?"

"म्हणू दे. पोरीच्या आजीनं केलंय म्हणेन."

तुझी नात मंदा, माझ्या मांडीवर! नाक नकटं आहे. तुझ्या मखमलीवर लाळ गाळून ठेवली तिनं.

ऋतुजानं हळूच विचारलं, "मावशी, आई कशा होत्या हो? माझ्याशी फार जपून बोलायच्या. जेवलीस का, झोपलीस का. त्यापलीकडं काही कळलंच नाही."

तू आणि जपून? मला हसूच फुटलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर समोर एक बाई उभी. "या ताईंनी घातलेत तसे झुमके आहेत का अजून?" ऋतुजा माझ्याकडं बघत राहिली. मी डब्यातला दुसरा जोड काढला. बाई म्हणाली, "शनीचं काही नाही ना?" मी म्हटलं, "लाजवर्द, पिरोजा. शनीला ओळखसुद्धा नाही." मग एकामागून एक जात राहिलं. मी देत राहिले. प्रत्येकीला गळ्यात, कानात घालून बघायला लावलं. संध्याकाळी कापड बरंचसं रिकामं होतं आणि मला रडू आलं नाही, नुसतं गार पडल्यासारखं झालं.

जाताना ऋतुजा म्हणाली, "फोन करीन हं मावशी. मला सगळं ऐकायचंय."

आज दुपारी त्यांची गाडी गेली. खालच्या घराला कुलूप, पुढं तिथं दुसरी माणसं येणार. जिन्यात चपलांचा आवाज आला की अजून मान वर होते, तू नसतेस. तुझी पेटी माझ्या पलंगाखाली आहे. मी तिचं काय करणार, मला अजून ठाऊक नाही.

"फोन करीन" म्हणणारी माणसं मी खूप पाहिली, मंदा. तान्हं बाळ आहे, नोकरी आहे, ती विसरेल. आणि मी आपण होऊन कुणाला फोन करत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी अशाच गेल्या, एकेक करून, मी वाट बघत बसले म्हणून. तू न विचारता आत घुसायचीस, म्हणून तर तू तेवढी राहिलीस.

पण तुला शब्द देते. दिवाळीपर्यंत तिचा फोन नाही आला तर मी करीन. आणि तुला देवी करून सांगणार नाही. भांडकुदळ होतीस ते सांगेन, गिऱ्हाइकाला घालवून द्यायचीस ते सांगेन, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला त्याच्यावरचा राग आठवून जेवली नव्हतीस तेही सांगेन. त्या पोरीला आजी मिळायची असेल तर खरी मिळू दे.

तुझी,
विजूताई